आरसा घासणाऱ्यांच्या पंगतीत

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवीन काही शिकायला जाऊ नये, असे आमच्या घरात एक मत आहे. आणि ते मत ज्या व्यक्तीचे आहे, ती व्यक्ती आमच्या घरात नेहमी बहुमतात असते. त्यामुळे गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मी जुना सदरा चढवून, पिशवीत टॉवेल आणि रद्दीतली चार वर्तमानपत्रे घेऊन निघालो, तेव्हा दारातच माझी उलटतपासणी झाली.

“कुठं निघालात?”

“काच घासायला.”

सौभाग्यवतींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. “आपल्याही खिडक्यांना काचाच आहेत,” त्या म्हणाल्या.

या बोलण्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी मराठीचा प्राध्यापक. वीस वर्षे खडू आणि लाल शाई यांखेरीज कुठलेही हत्यार मी हातात धरलेले नाही. घरातला बल्ब बदलायचा तरी शेजारच्यांना हाक मारावी लागते. असा मनुष्य हाताने आरसा घासून दुर्बीण करणार, हे ऐकून कुणालाही हसू यावे. पण या प्रकाराचे मूळ एका फजितीत आहे, आणि ती आधी सांगितली पाहिजे.

रोहिणी उतरली!

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. आमच्या महाविद्यालयात त्या संध्याकाळी आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. ठरलेले वक्ते ऐनवेळी येऊ शकले नाहीत, आणि बोलायला सदैव तयार असलेला इसम म्हणून मला उभे करण्यात आले. मी ‘मराठी साहित्यातील तारे’ या विषयावर पाऊण तास बोललो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या ज्योतिषशास्त्रावरील ग्रंथाचा हवाला दिला. टाळ्या पडल्या. मग सगळे मैदानात आले, आणि पहिल्या वर्षातल्या एका मुलीने मला अगदी निरागसपणे विचारले, “सर, यातली रोहिणी कुठली?”

नक्षत्रांची सत्तावीस नावे मला पाठ आहेत. पण ती मी छापलेली पाहिली होती, आकाशातली नव्हे. रोहिणी तांबूस असते एवढे आठवत होते. पश्चिमेला एक तांबूस, ठळक ठिपका दिसला. मी आत्मविश्वासाने बोट दाखवले.

शेजारी दुर्बिणीपाशी एक सडपातळ, पासष्टीचे गृहस्थ उभे होते. ते हळूच म्हणाले, “सर, जरा थांबा. ती सरकतेय. लोहगावला उतरेल.”

हशा झाला. मीही हसलो, सर्वांच्या नंतर. त्या गृहस्थांनी मात्र हसण्यात भाग घेतला नाही. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांची ओळ त्यांनी बोटाने वर वाढवली आणि ती नेमकी रोहिणीपाशी नेऊन टेकवली. मग म्हणाले, “ही दुर्बीण मी केलेली. तुम्हाला करायची असली तर रविवारी या.”

‘घेतलेली’ नव्हे, ‘केलेली’. त्या एका क्रियापदाने मला ओढून नेले.

पत्र्याची खोली

एका शाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक लांबट खोली आहे. तिथे दर रविवारी आठ-दहा मंडळी जमतात. ज्यांनी मला बोलावले ते काका चाळीस वर्षे एका कारखान्यात फिटर होते. बँकेत रोखपाल असलेल्या एक ताई आहेत. एक होमिओपॅथ डॉक्टर, एक रिक्षावाले, आणि नववीतला एक मुलगा. या मुलाने तोपर्यंत दोन आरसे पुरे केले होते. म्हणजे ज्येष्ठतेने तो माझ्याहून दोन आरशांनी मोठा.

मी आत शिरलो तेव्हा कुणी स्वागताचे भाषण केले नाही. काकांनी खिळे ठोकलेल्या पिंपाकडे बोट दाखवले, आणि त्या मुलाने माझ्या हातात सहा इंच व्यासाची, इंचभर जाडीची काचेची चकती दिली. “काका, हिला रबरी चपलेसारखं धरायचं नाही. तळवे सपाट,” तो म्हणाला. महाविद्यालयाच्या आवारात मला ‘सर’ म्हणणारे शेकड्यांनी आहेत. इथे मी पहिल्या पाच मिनिटांत ‘काका’ झालो, आणि काका म्हणणाऱ्याकडूनच शिकू लागलो.

ही रीत सोपी आहे, आणि तिच्यात एक चमत्कार आहे. पिंपावर एक चकती पक्की बसवायची. तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि थोडे पाणी टाकायचे. वर दुसरी चकती ठेवून पुढे-मागे घासायची. चार-सहा हात झाले की वरची चकती थोडी फिरवायची, आणि स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे. बस्स! असे तासन्‌तास चालले की वरची काच मधोमध खोलगट होते आणि खालची फुगीर. तो खोलगटपणा गोलाचाच भाग असतो. दुसरा असूच शकत नाही. कारण दोन पृष्ठे कुठल्याही दिशेने सरकवली तरी सर्वत्र एकमेकांना चिकटून राहायची असतील, तर ती गोलाचीच असावी लागतात. घासणाऱ्याला भूमिती येवो न येवो, काचेला ती करावीच लागते. माझ्यासारख्याला धीर देणारी याहून चांगली बातमी कोणती?

आणि खोली किती करायची? सहा इंचांच्या, अठ्ठेचाळीस इंचांवर प्रतिमा पाडणाऱ्या आरशाला मधोमध फक्त सुमारे १.२ मिलिमीटर. एवढ्यासाठी पहिले तीन रविवार ८० नंबरच्या जाड पुडीवर गेले. मग १२०, २२०, ३२०, ४००, ६००. पूड एकेक पायरीने बारीक होत जाते, आणि प्रत्येक पूड आधीच्या पुडीने पाडलेले खड्डे पुसून टाकते. पायरी बदलताना पिंप धुवायचे, वर्तमानपत्र बदलायचे, बाह्या झटकायच्या, नखांत ब्रश घालायचा. “पुढच्या पायरीवर मागचा दाणा न्यायचा नाही,” हा त्या खोलीतला एकमेव कडक नियम.

चहाच्या वेळी मी विचारले, “फी किती?” काच आणि पूड यांचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, असे ठरलेलेच होते, मी शिकवण्याबद्दल विचारत होतो. डॉक्टर म्हणाले, “तुमचा आरसा झाला की पुढच्या नव्या माणसाजवळ उभं राहायचं. तीच फी.”

ही पंगत जुनी आहे

नंतर मी माझ्या स्वभावाप्रमाणे पुस्तके चाळली, आणि कळले की ही फी शंभर वर्षांपासून चालत आली आहे. हाताने घासलेल्या आरशाची पहिली दुर्बीण न्यूटनने १६६८ मध्ये केली. तिचा आरसा धातूचा होता. पण सामान्य माणसांची पंगत बसली ती अमेरिकेतल्या व्हरमाँट प्रांतात, स्प्रिंगफील्ड या गावी. यंत्रांच्या कारखान्यांचे ते गाव. रसेल पोर्टर नावाच्या गृहस्थाने १९२० मध्ये तिथल्या कामगारांना आरसे घासायला शिकवले. १९२३ मध्ये त्यांची संस्था झाली, आणि १९२६ मध्ये गावाजवळच्या टेकडीवर पहिला मेळावा भरला. तो मेळावा आजही भरतो.

दुसरे नाव जॉन डॉब्सन यांचे, आणि ते आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. हे १९४४ पासून कॅलिफोर्नियात रामकृष्ण संघाच्या मठात साधू होते. पैसा जवळ नाही. म्हणून जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा मिळवून आरसे घासायचे, आणि रस्त्यावरच्या मुलांना तारे दाखवायचे. या नादापायी मठातली हजेरी चुकू लागली, आणि १९६७ मध्ये मठ सुटला. पण त्यांनी पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी खोके यांची जी साधी बैठक वापरली, तिच्यावर आज जगभर दुर्बिणी उभ्या आहेत. आमच्या खोलीतल्याही.

आपल्याकडे पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासूनची आहे. म्हणजे हा नाद आपल्याही गावचा आहे. मीच गावात नवा होतो.

ओरखडा

आता जे सांगायचे ते सांगायला मला थोडे जड जाते.

जूनमध्ये मी ४०० नंबरवर आलो. काच आता दुधाळ, रेशमासारखी लागत होती, आणि मीही स्वतःला थोडा जाणकार समजू लागलो होतो. त्या रविवारी एक नवा तरुण आला. काकांनी काही सांगण्याआधीच मी पुढे झालो. त्याला काच कशी धरायची ते दाखवले, ८० नंबरची पूड चिमटीने टाकून दाखवली, आणि भूमितीवर दहा मिनिटे बोललो. मग समाधानाने माझ्या पिंपाकडे परतलो. हात धुतले नाहीत.

दुसऱ्याच हाताला ‘कर्र’ असा आवाज आला. ८० नंबरचा दाणा ४०० च्या दाण्याहून जवळजवळ दहापट मोठा असतो. आवाज लहान होता. पण त्या खोलीत तो आवाज सगळे ओळखतात. पिंपे थांबली. मी काच उचलली. एका कडेपासून आत, तीन बोटे लांबीचा, कोयरीसारखा वळलेला ओरखडा.

“काय झालं?” काकांनी विचारले.

आणि मी म्हणालो, “पुडीतच काहीतरी जाड असणार.”

४०० आणि ६०० च्या पुड्या ताई तयार करीत. बाजारची पूड तशीच वापरायची नाही. ती निथळून घ्यायची, असा त्यांचा कटाक्ष. शनिवारी बँकेतून आल्यावर त्या बरण्या मांडून बसत. माझे वाक्य ऐकून त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या पिंपावरची बाटली त्यांनी उचलली, उजेडात धरली, तळहातावर थोडी पूड घेऊन अंगठ्याने चोळली. मग खोलीतल्या सगळ्यांच्या ४०० च्या बाटल्या गोळा केल्या, आणि घरी घेऊन गेल्या. त्या दिवशी कुणाचेच बारीक काम पुढे झाले नाही.

वीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. सबब सांगणारा विद्यार्थी ओळखायला मला दोन सेकंद लागतात. घरी येताना सारखे वाटत होते, ताईंनाही दोनच सेकंद लागले असतील. पण त्याहून बोचत होते ते हे, की कदाचित लागले नसतील. कदाचित त्यांनी माझ्यावर विश्वासच ठेवला असेल.

आठवडाभर मी विचार केला की, आता जाऊच नये. सौभाग्यवतींना मी सांगितले, “गुडघे दुखतात.” त्यांनी मलम आणून ठेवले. त्या मलमाने मला आणखीच लाज आणली. एका ओरखड्यापायी मी दोन घरांत खोटे बोललो होतो.

चीक

पुढच्या रविवारी मी सर्वांच्या आधी जाऊन उभा राहिलो. ताई बाटल्यांची पिशवी घेऊन आल्या, तेव्हा म्हणालो, “ताई, तुमच्या पुडीत काही नव्हतं. मी हात धुतले नव्हते. मला तेव्हाच माहीत होतं.”

मला वाटले होते, त्या ‘असू द्या हो’ म्हणतील. आपल्याकडे चांगली माणसे तसे म्हणतात. त्या म्हणाल्या, “ओरखडा तुमचा होता, सर, आठवडा माझा गेला. सगळ्या बाटल्या पुन्हा निथळल्या मी. एकदा शंका आली की त्या पुडीवर हात चालत नाही.” एवढे बोलून त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग जरा वेळाने म्हणाल्या, “पुढच्या महिन्याची पूड तुम्ही करा.”

आणि त्यानंतर गंमत झाली. काका काच पाहत म्हणाले, “असा एक ओरखडा राहिला तरी तारा काही बिघडत नाही. ठेवायचा की काढायचा, तुम्ही ठरवा. माझ्या पहिल्या आरशाचा तर टवका उडालाय.” डॉक्टरांनी आपली काच बेसिनमध्ये पडल्याचे सांगितले. रिक्षावाल्यांनी झिलईला आलेली काच पायरी चुकल्यामुळे पहिल्यापासून घासली होती. नववीतल्या मुलाचा पहिला आरसा आज त्याच्या आईच्या टेबलावर कागद दाबायला आहे. चार महिने मी या लोकांत बसत होतो. पण त्यांचे ओरखडे मला माझा पडल्यावर कळले. लपवण्यासारखे तिथे कुणापाशीच काही नव्हते. लपवले होते ते फक्त मी.

मी २२० वर परत गेलो. त्यात दोन रविवार गेले. शनिवारी घरी बरण्या मांडल्या. पूड पाण्यात ढवळायची, जाड दाणे तळाशी बसू द्यायचे, ठरावीक मिनिटांनी वरचे गढूळ पाणी अलगद दुसऱ्या बरणीत ओतायचे, आणि ते रात्रभर निवळू द्यायचे. तळाशी जो मऊ साका बसतो, ती आपली पूड. सौभाग्यवती कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. “हा तर कुरडयांचा चीक!” त्या म्हणाल्या, “असं घाईनं नाही ओतायचं. सरका.” आणि त्यांनी बरणी अशी तिरकी केली की तळचा थर हललासुद्धा नाही. गुडघेदुखीची खरी हकिगत मी त्यांना त्याच वेळी सांगितली. त्या म्हणाल्या, “मलम संपलं नाही, तेव्हाच कळलं होतं.”

माझी पहिली बाटली ताईंनी अंगठ्यावर चोळून पाहिली आणि फळीवर आपल्या बाटल्यांच्या रांगेत ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. मला कुठल्याही पदवीदान समारंभात एवढे बरे वाटलेले नाही.

अंगठ्याची टेकडी

घासण्यानंतर झिलई. डांबरासारखी काळी ‘पिच’ वितळवून खालच्या चकतीवर ओतायची, तिच्यात चौकोन पाडायचे, आणि सिरियम ऑक्साइडच्या गुलाबीसर पुडीने काच पारदर्शक होईपर्यंत घासायची. मग परीक्षा. ही परीक्षा फ्रान्सच्या फुकोने १८५८ मध्ये काढली. अंधारात आठ फुटांवर आरसा ठेवायचा, बारीक छिद्रातून त्याच्यावर उजेड टाकायचा, आणि परत येणारा किरण दाढीच्या पात्याने हळूहळू कापायचा. त्या सावलीत आरशावरचे उंचवटे डोंगरदऱ्यांसारखे दिसतात. आमच्या आरशात साधा गोल आणि हवा असलेला पॅराबोला यांतला फरक कडेला मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असतो. मिलिमीटरचे हजार भाग केले म्हणजे मायक्रॉन. आणि तरी हा फरक नुसत्या डोळ्याने दिसतो!

“काचेवर अंगठा टेका,” काका म्हणाले. “दहा सेकंद. आता पाहा.” पाहतो तो, जिथे अंगठा टेकला होता तिथे सावलीत एक टेकडी उभी! अंगठ्याच्या उबेने काच फुगली होती. पाहता पाहता ती टेकडी विरघळून गेली. अशा काचेपुढे मी ‘पुडीतच काहीतरी असणार’ म्हणालो होतो!

“कड पडलीय,” काकांनी निदान केले. ‘छान आहे’ असे कुणीही म्हटले नाही. पण कडेचा दोष काढायला पुढचे पाच रविवार कुणी ना कुणी माझ्या पिंपाजवळ उभे होते. साहित्याच्या बैठकांत मी उलटे पाहिले आहे: ‘छान’ सगळे म्हणतात, आणि जवळ कुणी उभे राहत नाही.

अष्टमीचा चंद्र

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर दुर्बीण उभी राहिली. कोजागरीला करा, असा शेजाऱ्यांचा आग्रह होता; पण पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट आणि डोळे दिपवणारा दिसतो. अर्ध्या चंद्रावर ऊन तिरपे पडते, आणि विवरांच्या कडांच्या सावल्या लांब पडतात. पत्र्याच्या खोलीतली सगळी मंडळी आली होती. ताईंनी बराच वेळ डोळा लावून पाहिले. “कड चांगली आलीय,” त्या म्हणाल्या. त्या चंद्राच्या कडेविषयी बोलत होत्या की आरशाच्या, हे मी विचारले नाही.

सौभाग्यवतींनी पाहिले, मान बाजूला केली, आकाशातला चंद्र पाहिला, पुन्हा डोळा लावला. “इतकं घासून उलटाच दिसतो होय?” न्यूटनच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटीच पडते, हे मी समजावू लागलो. पण त्या डोळा काढायला तयार नव्हत्या, आणि मागे रांग वाढत होती.

ओरखड्याचे नखभर टोक आरशाच्या कडेला अजून आहे. ते मी मुद्दाम ठेवले. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक नवीन गृहस्थ आले. नुकतेच निवृत्त झालेले, बोलके, हुशार. मी त्यांच्या हातात काच दिली आणि माझी फी द्यायला शेजारी उभा राहिलो. भूमितीवर बोललो नाही. चहाच्या वेळी माझा आरसा आणून ते टोक तेवढे त्यांना दाखवले, आणि ते कसे पडले ते सगळे, पुडीवर घातलेल्या खापरासकट, सांगितले. त्यांचा पहिला ओरखडा पडेल तेव्हा तरी सबब शोधावी लागू नये.

दिवाळीची अमावस्या ताऱ्यांना उत्तम; पण त्या रात्री आपण आकाश धुराने भरून टाकतो. तेव्हा लाडू-चकल्यांचे डबे रिकामे झाल्यावर, आठव्या दिवशी, कार्तिकातल्या अष्टमीला गच्चीवर जाऊन चंद्राकडे नुसते पाहा. कुणी रोहिणी कुठली म्हणून विचारलेच, तर बोट दाखवण्यापूर्वी थोडे थांबा. ती सरकत नाही ना, एवढे पाहून घ्या.